मोठेबाबांचं भेव

माझ्या मोठेबाबांइतका भित्रा माणूस नागपुरात आजवर झाला नाही आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील मी दुसरीत असताना गेले, तेव्हापासून आमच्या घरात बापाची जी काही जागा होती ती यांनीच भरली, आणि भरताना तिच्यात काठोकाठ भेव ओतलं. भीती हा शब्द त्यांना पुरत नसे. भीती ही शिकलेल्या माणसाला वाटते, म्हणत, आम्हाला भेव वाटते. विजेचं बटण ते लाकडी पट्टीने दाबत. मोठ्या आईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, कुकर चढवला की ते तिसरी शिट्टी होईपर्यंत गल्लीत जाऊन उभे राहत, आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर हवा खाऊन राहिलो म्हणून सांगत. दाढी करून घेताना न्हाव्याचं मनगट धरून ठेवत, त्यामुळे न्हावी अर्धी दाढी स्वतः करी आणि अर्धी मोठेबाबा त्याच्या हाताने करून घेत. लग्नाच्या मांडवात शिरले की आधी चारही कोपऱ्यांचे बल्ले हलवून पाहत. एका लग्नात त्या तपासणीतच एक बल्ला उखडला आणि मांडव वरमायच्या अंगावर आला. मोठेबाबा मात्र समाधानाने म्हणाले, "पाह्य, म्या म्हणतच होतो."

मी बी.एस्सी. झालो तेव्हा त्यांनी माझं प्रमाणपत्र काच लावून भिंतीवर टांगलं. चार कोपऱ्यांना चार खिळे, वर एक तार, खाली आधाराला फळी. पुस्तकांच्या कपाटालाही एवढा बंदोबस्त नव्हता. मी हसलो तर रागावले. आमच्या सात पिढ्यांत कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं; एवढ्या मोलाची वस्तू एका खिळ्याच्या भरवशावर ठेवायची काय, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगतो, मलाही त्या कागदाचा अभिमान होता आणि आहे. मी फिजिक्स घेऊन पास झालो होतो, शाळेत सायन्सचा मास्तर लागलो होतो, आणि जगातल्या कुठल्याही हलणाऱ्या वस्तूबद्दल मत द्यायला तयार होतो.

असा हा माणूस पोटासाठी काय करी, तर गाडी चालवी. एक जुनी पिकअप होती त्यांच्याकडे, संत्र्याच्या एका व्यापाऱ्याने वापरून वापरून टाकलेली. तिच्यातून ते कामठीच्या मागवाल्यांकडे सुताची बंडलं नेत आणि लुगड्यांचे गठ्ठे नागपुरात आणत. इतकी वर्षं गाडी चालवली, पण कोणाच्या सायकलच्या चाकालासुद्धा त्यांचा धक्का लागला नाही. लागणार कसा? समोर बैलगाडी दिसली तर हे अर्धा फर्लांग आधी थांबत आणि बैलांना विचार करायला वेळ देत. ट्रॅफिकच्या शिपायाने हात केला की गाडी बंद करून खाली उतरत, आणि शेजारी मी असलो तर त्या शिपायालाही सांगत, "हा माहा पुतण्या. बीएस्सी."

या पिकअपची वर्षातली मोठी कामगिरी म्हणजे दसरा. त्या दिवशी आमच्या कुहीकडच्या गावातून तीसेक म्हातारी माणसं तिच्यात बसून दीक्षाभूमीवर येत. छप्पन साली, धम्मदीक्षेला, हीच माणसं चालत आली होती. माझी आई मला कडेवर घेऊन आली होती, आणि ते चालणं ती इतक्यांदा सांगे की मला स्वतःलाच आठवतं असं वाटू लागलं होतं. मी शिकायला मोठेबाबांकडे नागपुरात राहिलो, आई गावातच; आता तिचे गुडघे गेले होते. तीसजणांत निम्म्यांचे गेले होते. मोठेबाबांची गाडी हेच त्यांचे पाय. म्हणून दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मोठेबाबा गाडीला निळा रंग देत. नुसता वरून नाही. ते गाडीखाली पाठ टेकून सरकत आणि खालचा प्रत्येक पट्टा, नळी, दांडा रंगवून काढत. जंगाचं त्यांना भेव होतंच, पण एवढंच कारण नव्हतं. एकदा मी विचारलं की खालून कोण पाहणार आहे. म्हणाले, "जिथं आपण उभं राहाले चाललो, तिथं खालून मळकं जायचं काय गा?"

आणीबाणी उठली त्या साली, पाऊस सरता सरता, गाडी थरथरायला लागली. थरथर अशी की तीसपर्यंत काही नाही. काटा चाळिसावर आला की पायाखालची फळी गुणगुणायची, मग गिअरचा दांडा, मग दातांच्या मुळांशी मुंग्या. पन्नासच्या पुढे मोठेबाबा आयुष्यात गेले नव्हते, त्यामुळे पुढे काय होतं हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्याकडे हे मोजायचं यंत्रसुद्धा होतं: चुन्याची पितळी डबी. ती ते स्टिअरिंगसमोरच्या पत्र्यावर ठेवत. चाळीस झाले की डबी जागची निघून डावीकडे चालू लागे आणि पंचेचाळिसाला माझ्या मांडीत पडे.

आमच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीने आधी चाकं अदलून बदलून पाहिली. मग क्रॉस बदलला. इंजिनाची फिरकी मागच्या चाकांपर्यंत नेणारा जो लांब लोखंडी दांडा गाडीच्या पोटाखालून जातो, त्याला सगळे शाफ्ट म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना दोन बोटांसारखे चिमटे असतात आणि त्या चिमट्यांत हा क्रॉस बसतो. नवा क्रॉस घालूनही डबी चाललीच. शेवटी मिस्त्री मोठेबाबांच्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "मामू, गाडी नहीं हिल रही. ये हिल रहा है." गॅरेजभर लोक हसले. मोठेबाबाही हसले, पण घरी येताना पंचविसाच्या वर गेले नाहीत.

मग मला पाचारण झालं. घराण्याच्या पहिल्या पदवीधराची आजवर कोणाला एवढी गरज लागली नव्हती. मी वही-पेन्सिल घेऊन शेजारी बसलो. चाळिसावर आल्यावर टॉप गिअरमधून थर्डमध्ये घ्यायला लावलं: इंजिन जोरात फिरू लागलं, थरथर होती तेवढीच राहिली. मग न्यूट्रल करून गाडी नुसती वाहू दिली: तरी डबी चालतच होती. म्हणजे इंजिन निर्दोष, क्लच निर्दोष. जे काही आहे ते गिअरबॉक्सच्या मागे. इथपर्यंत मी बरोबर होतो आणि आजही त्याचा मला अभिमान आहे. त्यानंतर मात्र मी मास्तर झालो. अंगणात खडूने आलेख काढून समजावलं की प्रत्येक वस्तूची एक आवडती थरथर असते, गाडीची ती चाळीस ते पन्नासमध्ये आहे, झोका जसा ठराविक धक्क्याने वाढतो तसं. तो पट्टा झटकन ओलांडला की पुढे सगळं शांत. शिवाय जुन्या गाड्या थोड्या थरथरणारच. मोठ्या आईने कौतुकाने मान हलवली. मोठेबाबांनी विचारलं, "आन् नाही झालं शांत, तं?" मी म्हटलं, होतेच. पुस्तकात आहे.

त्यांनी पुस्तकावर अविश्वास दाखवला नाही, पण दर रविवारी शाफ्ट उतरवून पाहणंही सोडलं नाही. हे त्यांचं कधीपासूनचं होतं. चार नट काढायचे, शाफ्ट खाली घ्यायचा, त्याचे दोन तुकडे एकमेकांतून ओढून वेगळे करायचे, पुसायचे, ग्रीस भरायचं, पुन्हा एकात एक घालून चढवायचा. मोठी आई म्हणे, बाकीची माणसं रविवारी मटण आणतात, हे शाफ्ट काढतात.

का काढतात, हे मला त्या भाद्रपदात कळलं. माझ्या आलेखावर मी जरा जास्तच बोलून गेलो होतो, मिस्त्रीचा तो विनोदही मी पुन्हा करून दाखवला होता. मोठेबाबांनी ऐकून घेतलं आणि मग नेहमीच्या आवाजात, जणू भाजीबद्दल बोलावं तसं, सांगितलं की तरुणपणी ते भंडारा रोडवर ट्रक चालवत असताना पुढे त्यांच्या उस्तादाचा ट्रक होता. ज्याने त्यांना स्टिअरिंग धरायला शिकवलं तो उस्ताद. त्या ट्रकच्या शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यावर टेकलं. पळणारा ट्रक त्या दांड्यावर असा उभा राहिला, जशी पोरं ओढा ओलांडायला काठी टेकवून उडी मारतात. मग आडवा झाला. मोठेबाबा तिथवर पोहोचले तेव्हा चाकं फिरतच होती. "दोन दिवस आधीपासून तो सांगे का फळी गुणगुणून राह्यली म्हणून," ते म्हणाले. "आमी हासलो होतो त्याले."

त्यानंतर मला हसू आलं नाही. उलट एक गोष्ट ध्यानात आली आणि ती डोक्यातून जाईना. आईची पिकअपमधली जागा ठरलेली होती. केबिनच्या मागे, मधोमध, पाय पसरता येतात म्हणून. बरोबर शाफ्टच्या वर.

दसऱ्याच्या तीन दिवस आधी मोठेबाबांनी जाहीर केलं की गाडी या वर्षी जाणार नाही. गावात निरोप गेला. दुसरी गाडी मिळण्यासारखी नव्हती. त्या दिवशी नागपूरच्या चहूबाजूंनी चाक असलेली प्रत्येक वस्तू आधीच ठरलेली असते. संध्याकाळी गावाहून एक जण सायकल हाणत आईचा निरोप घेऊन आला. तिने रडारड केली नव्हती. एवढंच कळवलं होतं की छप्पन साली कोणी गाडी विचारली नव्हती, आम्ही चालत येतो. पहाटे निघालो तर पोहोचू. गुडघ्यांचा उल्लेख नव्हता. मोठेबाबांनी निरोप ऐकला, पान लावलं, खायचं विसरले आणि मला म्हणाले, "तुह्या पुस्तकाचं करून पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच उमरेड रोडला लागलो. पुढे एक लांब उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी नाल्यावर पूल, ज्याला तेव्हा कठडा नव्हता. पट्टा ओलांडायला जागा तीच. मोठेबाबांनी डबी पत्र्यावर ठेवली, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि आयुष्यात प्रथमच पाय दाबून धरला. चाळीस. डबी निघाली. पंचेचाळीस, डबी माझ्या मांडीत. मी म्हटलं, आता जाईल, आता जाईल. पन्नासला फळी गुणगुणत नव्हती, ओरडत होती. खालून कोणीतरी घणाने हळूहळू दार ठोठावावं तसा आवाज येऊ लागला. आरशात रस्ता दिसेना, नुसता निळा-करडा लेप दिसू लागला. थरथर कमी होत नव्हती. झोका वर, अजून वर जात होता, आणि पूल समोरून सरकत येत होता. तेवढ्यात मला आईची जागा आठवली. रिकामी होती, तरी मी मागे वळून पाहिलं. बी.एस्सी.त शिकलेलं सगळं त्या उतारावर माझ्या हातून गळालं आणि मी ओरडलो, "मोठेबाबा, थांबवा ना!" त्यांनी कधीच पाय काढला होता. ब्रेकवर ते नाचत नव्हते, हळूहळू दाबत होते, ओठ घट्ट मिटून. पुलाच्या अलीकडे दहा हातांवर गाडी उभी राहिली. डबी अजून माझ्या मुठीत होती आणि मूठ उघडत नव्हती. त्या क्षणी त्या गाडीत दोन भित्रे होते, पण शुद्धीवर एकच होता. उतरून त्यांनी दोन चाकांना दगड लावले, मग चादर अंथरली आणि म्हणाले, "चाल, खालतं पाहू. तू शाफ्ट धर."

मी जन्मात पहिल्यांदा गाडीखाली शिरलो. शाफ्ट हाताने धरायचा, म्हणजे ते नट काढतील तेव्हा तो तोंडावर येणार नाही, एवढंच माझं काम. उताणं पडून दुसरं काही पाहायलाच नव्हतं, म्हणून मी त्या दांड्याकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत राहिलो. पुढचा चिमटा उभा होता. मागचा किंचित कलता होता. शाळेत मुलं रांगेत उभी राहतात तेव्हा एकाचा खांदा वाकडा असला तर जसं टोचतं, तसं टोचलं. मी म्हणालो, "मोठेबाबा, पुढचा चिमटा सरळ हाय. मांगचा काहून वाकडा?"

त्यांनी शाफ्ट उतरवून चादरीवर घेतला. क्रॉसच्या टोपीतून विटकरीच्या भुकटीसारखी लाल धूळ सांडली. नवा क्रॉस महिनाभरातच खाल्ला गेला होता. मग त्यांनी सुपारीच्या अडकित्त्याच्या पात्याने, जिथे शाफ्टचे दोन तुकडे एकात एक जातात तिथे, रंग खरवडायला सुरुवात केली. निळा रंग. त्याखाली जरा फिका निळा, मागच्या सालचा. त्याखाली आणखी एक. खपल्या पडत गेल्या, जेवढे दसरे तेवढ्या. तळाशी लोखंडात कोरलेला एक बारीकसा बाण निघाला. दुसऱ्या तुकड्यावर खरवडलं, तिथे दुसरा बाण. कारखान्याने दोन्ही बाण समोरासमोर यावेत म्हणून कोरले होते. आमच्या शाफ्टवर, सांध्यातल्या खाचा-दात्यांत, ते दोन दाते सोडून बसले होते. म्हणजे कधीतरी एका रविवारी मोठेबाबांनी शाफ्ट ओढून वेगळा केला, पुसला, ग्रीस भरलं, आणि पुन्हा घालताना दोन दाते चुकले. खूण दिसायला हवी होती, ती त्यांनीच दर दसऱ्याला झाकली होती. पुढचा चिमटा आणि मागचा चिमटा एका ओळीत नसले की ते एकमेकांचा झोल सावरत नाहीत. दोघं मिळून गाडी हालवतात. हे मी त्यांना समजावायला लागलो, पण त्यांना समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते चादरीवर बसून त्या खपल्या बोटाने गोळा करत होते.

"भेवापायी उघडला," ते म्हणाले. "भेवापायी रंगवला. तुही माय बसली असती, तं म्याच मारली असती गा तिले."

मी म्हणालो, तुमच्या भेवानेच ती वाचली. मिस्त्रीचं ऐकलं असतं, माझं ऐकलं असतं, तर काय झालं असतं? याने त्यांचं समाधान झालं नाही. पण दोन तुकडे पुन्हा एकात एक घालताना त्यांनी मला जवळ घेतलं आणि दोन्ही बाणांवर माझं बोट ठेवून विचारलं, सरळ हायेत ना? तू सांग. तू शिकलेला हायस. मी तीनदा पाहिलं आणि हो म्हणालो. परीक्षेच्या कुठल्याही उत्तराला मला इतकी भीती वाटली नव्हती. पिशवीत नेहमीप्रमाणे एक जादा क्रॉस होताच. तो घालून आम्ही पुन्हा उताराच्या माथ्यावर गेलो. चाळीस. पंचेचाळीस. पन्नासला मी डबीकडे पाहिलं. ती बसली होती तिथेच होती, जशी देव्हाऱ्यात वस्तू असावी. मी सुटकेने हसलो, तर मोठेबाबांचा चेहरा पहिल्यापेक्षाही पडलेला.

"आता तं काहीच हालत नाही," ते म्हणाले. "मंग मले समजन कसं?"

दसऱ्याला तीसजण आले. आई तिच्या जागी बसली, पाय पसरून, आणि मोठेबाबांनी उभ्या रस्त्यात पस्तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून येणारे लोक ओरडत, निळी गाडी चालवताय की ढकलत नेताय? मोठेबाबा खिडकीतून हात जोडत.

त्यानंतर त्यांना बाणांचं वेड लागलं. छिन्नी घेऊन घरातली जी जी वस्तू उघडून पुन्हा लावता येते तिच्यावर ते दोन बाण कोरू लागले. स्टोव्हच्या टाकीवर आणि बर्नरवर. डब्यावर आणि झाकणावर. शिडीवर. स्वतःच्या चष्म्याच्या काडीवर, त्यात एक काडी तुटली. मोठी आई म्हणे, माझ्या मानेवर आणि खांद्यावर कोरायचे तेवढे राहिलेत. माझ्या लग्नात त्यांनी सागाचा पलंग दिला, अर्थात निळा रंगवून, आणि कानात म्हणाले, "पाय काढशीन तं पाहून लाव बाबू." मी हो म्हणून विसरलो.

मोठेबाबा जाऊन बरीच वर्षं झाली. ज्याला ते कधी भ्याले नाहीत असा साधा ताप येऊन गेले. मागच्या उन्हाळ्यात आम्ही नंदनवनचं घर सोडून प्रताप नगरात आलो, तेव्हा हमालांनी पलंगाचे पाय काढले आणि इकडे पुन्हा लावले. पलंग डुगडुगू लागला. सुतार आला, पाचर मारून गेला. दुसरा आला, फरशी वाकडी आहे म्हणाला. बायको म्हणाली, जुना झाला, काढून टाकू. मुलांनी त्याला मधे कधीतरी तपकिरी रंग दिला होता. मी खाली बसलो आणि सुरीने पायाजवळ खरवडलं. तपकिरी गेला, खाली निळा आला. निळा गेला, खाली बाण.

चारही पाय काढले, एकेक बाण शोधून समोरासमोर आणला, ठोकून बसवले. मग कपाटातून ती पितळी डबी काढली, तिच्यात अजून वाळलेला चुना आहे, आणि उशाच्या फळीवर ठेवून पलंग दोन्ही हातांनी हलवला. डबी जागची हलली नाही. मी पुन्हा हलवला. बायको दारातून विचारत होती, झालं का हो नीट. झालं, म्हटलं, आणि डबीकडे पाहत तसाच बसून राहिलो. थोडीशी तरी चालावी, असं वाटत होतं.